प्रकल्प नोंदी: पाच स्क्रीन आणि हिशोबाचं एकच पॅनल

२९ सप्टेंबर २०२५, सोमवार

अंबिया बहाराची संत्री जोरात सुरू व्हायच्या आत नवं व्हर्जन द्यायचं ठरलंय, म्हणजे हातात जेमतेम चार आठवडे आणि त्यात दसरा, दिवाळी दोन्ही. काम ऐकायला एवढंसं आहे. नागपूरच्या कळमना बाजारातल्या एका अडत्याचं (शेतकऱ्याचा माल बोलीवर विकून देणाऱ्याचं) अ‍ॅप आहे आपलं, त्यात पाच स्क्रीन - आवक, वजन, बोली, पट्टी (शेतकऱ्याला द्यायचा हिशोबाचा कागद), खातं. पाचही स्क्रीनवर खाली एक पॅनल, मिटलेलं असलं की एका ओळीत शेतकऱ्याचं नाव, वजन, रक्कम, आणि टिचकी मारली की उघडून हमाली, तोलाई, गाडीभाडं आणि शेवटी निव्वळ देणं. सगळीकडे सारखंच दिसतं म्हणून मला वाटलं एकच असेल. कोड उघडला तर पाच फायली, पाच कॉप्या. आणि कोणी केलं बघायला गेलो तर मीच, मागच्या मार्चमध्ये, मृग बहाराच्या घाईत.

बरं कॉप्याही सारख्या नाहीत. एकीत उघडायला २०० मिलिसेकंद, दुसरीत ३००, खात्यावरच्या पॅनलला ॲनिमेशनच नाही. एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो, पण पट्टीच्या कॉपीत शेतकऱ्याच्या रकमेतून अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, वजा होऊन राहिली होती! फळं-भाजीपाल्याची अडत २०१६ च्या जुलैपासून शेतकऱ्याकडून घेत नाहीत, घेणाऱ्याकडून घेतात, हे आपल्याला पहिल्याच मिटिंगला सांगितलं होतं, चार ठिकाणी दुरुस्त केलं आणि पाचवी फाईल राहून गेली. नशीब की छापील पट्टी सर्व्हरवरून निघते आणि ती बरोबर होती, स्क्रीनवरचा आकडाच तेवढा चुकत होता. शेतकऱ्याने तो आकडा पाहिला असता तर?

दुसरा घोळ रुपयाचा. २ टन ३४५ किलो, भाव २३,५०० रुपये टन, होतात ५५,१०७ रुपये ५० पैसे. वजनाच्या स्क्रीनवर ५५,१०८, पट्टीवर ५५,१०७. एका कॉपीत राउंड केलंय, दुसरीत नुसता पूर्णांक काढून पैसे उडवलेत. म्हणजे दिसायला पॅनलचं काम, आतून हिशोबाचं. आता सगळी रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवायची, राउंड एकदाच आणि दाखवताना.

३० सप्टेंबर, मंगळवार

एक विजेट केलं, फ्लटरमध्ये (ज्यात हे अ‍ॅप लिहिलंय) स्क्रीनच्या तुकड्याला तेच म्हणतात. वरची ओळ, आतले रकाने आणि उघड-मीट, सगळं त्यात. पाचही स्क्रीनमधून जुनं काढून हे टाकलं, अडीच तासात झालं, मी खूश, चहा प्यायला खाली गेलो. परत येऊन पाहतो तर वजनावर पॅनल उघडलं, बोलीवर गेलो की मिटलेलं. परत वजनावर आलो तर तिथलंही कधी उघडं कधी मिटलेलं, स्क्रीन नव्याने बनली की मिटलेलं.

बॅकएंडवाला म्हणे, "एकच विजेट आहे ना बे, मग काहून असं करून राहिलं?" त्याला सांगितलं ते इथे लिहून ठेवतो, पुढच्या वेळी कामाला येईल. चितार ओळीत एका साच्यातून शंभर गणपती निघतात, म्हणून एकाला सोनेरी मुकुट रंगवला की बाकी नव्व्याण्णवांचा मुकुट सोनेरी होत नाही. आपण साचा एक केला, मूर्ती अजून पाचच आहेत. उघडं की मिटलेलं हे प्रत्येक मूर्तीच्या पोटात, आणि स्क्रीन गेली की मूर्तीही विसर्जित.

१ ऑक्टोबर, बुधवार

उद्या दसरा. दीक्षाभूमीकडचे रस्ते आजच भरले, बाहेरगावच्या गाड्यांची रांग लागलेली, गाडी घरी ठेवून मेट्रोने आलो. ऑफिसात चारच जण.

स्टेट, म्हणजे पॅनलला लक्षात ठेवायची माहिती, वर उचललं. चालू मालाचा हिशोब आणि पॅनल उघडं आहे का, हे दोन्ही एका चेंजनोटिफायरमध्ये (बदल झाला की ऐकणाऱ्यांना कळवणारा), तो अ‍ॅपच्या अगदी माथ्यावर. आता वजनावर उघडलं की बोलीवरही उघडं. एक चूक केली होती ती लगेच पकडली - स्क्रीन बनवणाऱ्या बिल्डमध्येच त्याला ऐकायला लावलं होतं, त्यामुळे वजनाचा एक आकडा टाइप केला की अख्खी स्क्रीन नव्याने बनायची, यादीसकट. ऐकणं फक्त पॅनलच्या ओळीपुरतं ठेवलं, बाकीच्यांना कळायची गरज नाही.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

स्टेट एक आहे पण डोळ्याला ते अजूनही पाच पॅनलच वाटतात. स्क्रीन बदलताना जुनी स्क्रीन डावीकडे सरकते तर तिच्यासोबत तिचं पॅनलही सरकतं आणि नवीन स्क्रीनसोबत दुसरं पॅनल आत येतं. हिशोब जागचा हलायला नको, तो टेबलावर ठेवलेल्या वहीसारखा पाहिजे, मागची स्क्रीन काहीही बदलो.

शॉर्टकट म्हणून ग्लोबलकी (विजेटची अ‍ॅपभर एकमेव ओळख) लावून पाहिली, की एकच पॅनल उचलून इकडून तिकडे जाईल. लाल स्क्रीन, म्हणजे एरर. पान बदलत असताना काही क्षण जुनी आणि नवी दोन्ही स्क्रीन विजेटांच्या झाडावर असतात, म्हणजे एकच की दोन ठिकाणी, फ्लटर ते चालवून घेत नाही. मग हीरो (एका पानावरची वस्तू दुसऱ्या पानावर उडवत नेणारं विजेट) लावून पाहिला, उडताना छान दिसलं, पण उघडं पॅनल उडताना आतले रकाने मध्येच चिरडल्यासारखे दिसतात. काढून टाकलं. दुपार गेली त्यात. बाहेर ऑक्टोबर हिट, ऑफिसच्या एसीतून पाणी टपकून राहिलं, खाली बादली.

६ ऑक्टोबर, सोमवार

जे पहिल्या दिवशीच करायला पाहिजे होतं ते आज केलं. पॅनल स्क्रीनमध्ये ठेवायचंच नाही. गो-राउटरमध्ये (पानं बदलायची लायब्ररी) शेलरूट असतो, त्यात बाहेरची चौकट एकदाच बनते आणि आतल्या नॅव्हिगेटरमध्ये (पानांची चळत सांभाळणारा) पानं बदलत राहतात, मग पॅनल चौकटीला लावायचं. पाच स्क्रीन टॅबसारख्या आहेत म्हणून स्टेटफुल शेलरूट घेतला, त्यात प्रत्येक टॅबची आपापली जागा जिवंत राहते, वजनाच्या यादीत खाली गेलो असलो तर परत आल्यावर तिथेच.

पाच स्क्रीनमधून पॅनल काढून टाकताना बरं वाटलं, फाईल हलकी होताना दिसते. मांडणी अशी: एक कॉलम, वर स्क्रीन, खाली पॅनल. पान सरकतं, पॅनल जागचं हलत नाही. संध्याकाळी टेस्टिंगवालीला दाखवलं, ती म्हणे, "आता कुठे हिशोब वाटतो हा."

८ ऑक्टोबर, बुधवार

कीबोर्ड.

वजनाच्या खिडकीत बोट टेकवलं की कीबोर्ड वर येतो, पॅनल उघडं असेल तर तेही कीबोर्डच्या डोक्यावर येऊन बसतं, आणि ज्या खिडकीत वजन टाकायचं ती दिसतच नाही. ठरवलं सोपं: कीबोर्ड वर असताना पॅनलची फक्त ओळ दाखवायची, आतला भाग तात्पुरता मिटवायचा. म्हणजे व्ह्यूइन्सेट्सचा (कीबोर्डने किती जागा खाल्ली त्याचा) खालचा आकडा शून्यापेक्षा जास्त आहे का पाहायचं. लिहिलं, चाललं नाही. आकडा कायम शून्य. दीड तास मी समजून राहिलो की फोनच खराब आहे, दुसरा फोन घेतला, तिथेही शून्य.

कारण असं की बाहेरचा स्कॅफोल्ड (स्क्रीनचा सांगाडा धरणारं विजेट) कीबोर्डची जागा स्वतःच सोडतो, आणि एकदा सोडली की आतल्यांना सांगतो की आता काही नाही, शून्य धरा. नाहीतर आतल्या स्कॅफोल्डने परत तेवढीच जागा सोडली असती. बरोबरच आहे त्याचं. माझं पॅनल त्याच्या बॉडीत होतं म्हणून त्याला शून्यच दिसणार. आकडा स्कॅफोल्डच्या वरच्या कॉन्टेक्स्टमधून (झाडातल्या जागेवरून) वाचला आणि खाली पाठवला. एक ओळ. दीड तास एका ओळीसाठी, पण हे आता विसरणार नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

ॲनिमेशन. माझ्या फोनवर लोण्यासारखं, अडत्याकडे असतो तसल्या जुन्या स्वस्त फोनवर पॅनल उघडताना धक्के. आधी डीबगमध्ये (चुका शोधायचं संथ बिल्ड) पाहत होतो, ते सोडून दिलं, डीबगवरून गतीचा अंदाज घेणं म्हणजे बैलगाडीत बसून मेट्रोचा वेळ काढणं. प्रोफाइल मोडमध्ये (गती मोजायचा) खऱ्या फोनवर चालवलं. ६० हर्ट्झच्या स्क्रीनला एका फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, आमच्या फ्रेमा त्याच्या बाहेर जाऊन राहिल्या होत्या.

दोष कॉलमचा. पॅनल प्रत्येक फ्रेमला थोडं उंच होतं, म्हणजे वरच्या स्क्रीनला प्रत्येक फ्रेमला थोडी कमी जागा, म्हणजे तिची अख्खी मांडणी परत, आणि आवकच्या स्क्रीनवर यादी, फोटो, सगळं. पॅनलचं काम छोटं, पण त्याने घरभर सगळ्यांना उठून उभं केलं.

म्हणून स्टॅक, म्हणजे एकावर एक. स्क्रीनला खाली ५६ ची जागा कायमची सोडली, मिटलेल्या ओळीएवढी, आणि पॅनल उघडताना स्क्रीनच्या अंगावरून वर येतं, स्क्रीनला काही कळतच नाही. आतला भाग उंची शून्यापासून वाढवायला क्लिपरेक्टमध्ये (बाहेर जाईल ते कापणारा) अलाइन ठेवला आणि त्याचा हाइटफॅक्टर (उंचीचा किती भाग दाखवायचा) ० ते १, एक्स्पान्शनटाइल (फ्लटरचं तयार उघड-मीट विजेट) आतून हेच करतो. कालावधी सगळीकडे २००. धक्के गेले.

स्टॅकने एक नवीन दुखणं आणलं. शेतकरी निवडायची जी शीट खालून येते ती पॅनलच्या मागे लपून राहिली, शेवटचं नाव दिसेना. आणि डायलॉग मात्र बरोबर वर येतात. पाहिलं तर डायलॉग न सांगता सगळ्यात बाहेरच्या (रूट) नॅव्हिगेटरवर उघडतो आणि बॉटम शीट न सांगता जवळच्या नॅव्हिगेटरवर, म्हणजे आपल्या चौकटीच्या आतल्या. शीटलाही रूटवर उघड म्हणून सांगितलं. दोघांचे नियम वेगळे काहून ठेवले असतील कोण जाणे.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आज कळमन्याला. पहाटे निघालो, प्रजापती नगरपर्यंत सोडून घेतलं आणि तिथून ऑटो. आधी तर्री पोहा, त्याशिवाय त्या गर्दीत डोकं चालत नाही. संत्र्याचे ढीग लागलेले, हिरवट-पिवळी, अजून पूर्ण रंग धरला नाही पण माल यायला लागला. बोली टनावर.

अडत्या शेठच्या डाव्या हातात फोन, उजव्या हातात पेन, खांद्यावर दुपट्टा. आपण ऑफिसात दोन्ही हातांनी फोन धरून टेस्ट करतो हे किती खोटं आहे ते तिथे उभं राहिल्यावर कळतं. अंगठा जिथे पोचतो तिथे पॅनलची ओळ आहे, ते चांगलं झालं. उंचीही ५६, बोटासाठी धरतात त्या किमान ४८ च्या वर, अंगठा चुकत नाही.

पहिली तक्रार पाच मिनिटांत. पट्टीवर पॅनल उघडून शेतकऱ्याला हमाली-तोलाई दाखवली, मग पुढच्या गाडीच्या वजनावर गेले, तर पॅनल तिथेही उघडं, अर्धी यादी झाकलेली. "हे काहून उघडं राहून राहिलं भाऊ? मी तिकडे उघडलं होतं, इकडे नाही." मी म्हटलं शेठ, तुम्हीच तर म्हणाले होते सगळीकडे सारखं पाहिजे. ते म्हणाले, "हिशोब सारखा पाहिजे म्हटलं बाप्पा. तिजोरी एकच असते, पण दाराची कडी ज्याची त्याची." मी ते तिथेच मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

दुसरी तक्रार त्यांनी केलीच नाही, मला दिसली. फोनमध्ये अक्षरांचा आकार सगळ्यात मोठा. माझ्या ५६ च्या ओळीत नाव आणि रक्कम दोन्ही खालून कापले गेले होते, "५५,१०८" मधल्या आकड्यांचे पाय गायब. त्यांना ती सवय झाली होती. मला लाज वाटली. डीबग बिल्ड असतं तर निदान पिवळे-काळे पट्टे दिसले असते, रिलीजमध्ये गुपचूप कापतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी बॅकएंडवाल्याशी वाद. तो म्हणे उघड-मीट सगळीकडे एकच ठेव आणि सेटिंगमध्ये पर्याय दे. मला सेटिंग नको होतं, ज्या माणसाचा उजवा हात कधी मोकळा नसतो तो सेटिंग उघडणार कधी? आणि मुद्दाच वेगळा आहे. गेले पंधरा दिवस आम्ही "शेअर्ड पॅनल" म्हणत होतो आणि शेअर काय करायचं हे कोणी विचारलंच नव्हतं. हिशोब शेअर, दिसणं शेअर, ॲनिमेशन शेअर. उघडं-मिटलेलं हे त्या-त्या स्क्रीनवर माणूस काय करून राहिला त्याच्यावर आहे. वजन टाकताना हिशोब नको, पट्टी देताना पाहिजेच.

म्हणून एक छोटा नकाशा केला, स्क्रीनचं नाव आणि त्यापुढे उघडं की नाही. पट्टी सुरुवातीला उघडी, बाकी चार मिटलेल्या, नंतर माणूस जे करेल ते त्या स्क्रीनपुरतं लक्षात राहील. नवीन गाडीचा हिशोब सुरू झाला की परत सुरुवातीसारखं. हे शेवटचं बॅकएंडवाल्याने सुचवलं आणि ते चांगलं आहे, त्याला श्रेय.

मोठ्या अक्षरांसाठी आधी विचार केला की ओळीची उंची मोजायची आणि तेवढी जागा स्क्रीनला सोडायची, पण मोजमाप एक फ्रेम उशिरा कळतं आणि मग स्क्रीन उडी मारते. मग सुचलं की दोन्ही मांडण्या मिसळू. मिटलेली ओळ कॉलममध्ये खाली, तिची उंची जेवढी लागेल तेवढी ती घेईल, कमीत कमी ५६. आणि उघडणारा भाग स्टॅकमध्ये, स्क्रीनच्या अंगावर, ओळीच्या वरून उगवणारा. ओळ उंच झाली तरी मोजायला नको, आणि उघडताना स्क्रीनची मांडणीही हलत नाही. नाव लांब असेल तर दोन ओळींत जाऊ द्यायचं, रक्कम मात्र कापायची नाही, कशीही असो.

याद्यांच्या तळाशी थोडी जागा सोडली, उघड्या भागाखाली शेवटची नोंद अडकू नये म्हणून.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

बॅकचं बटण. पॅनल उघडं असताना बॅक दाबलं तर आधी पॅनल मिटावं अशी साधी अपेक्षा. चौकटीला पॉपस्कोप (मागे जाणं अडवणारं विजेट) लावला. खात्यात एका शेतकऱ्याचं पान उघडलं, पॅनल उघडलं, बॅक दाबलं - पॅनल तसंच उघडं आणि शेतकऱ्याचं पान गेलं. पॉपस्कोप चौकटीच्या पानाला बांधलेला, आणि बॅक आधी आतल्या नॅव्हिगेटरला मिळतं, त्याच्याकडे मागे जायला पान आहे म्हटल्यावर बाहेरच्याला कोण विचारतो. बॅकबटणलिसनर वापरला, तो सगळ्यांच्या आधी ऐकतो, पॅनल उघडं असेल तर मिटवून "झालं माझं" सांगतो, नसेल तर पुढे जाऊ देतो.

पट्टीच्या स्क्रीनवर पॅनल आपोआप उघडं असतं, तिथे बॅकने आधी मिटवायचं का? नाही. माणसाने स्वतः उघडलं असेल तरच. हे टेस्टिंगवालीने विचारलं, मी केलंच नसतं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

छोटी कामं. टार्गेट ३५ (अँड्रॉइड १५ चा क्रमांक) केल्यापासून अँड्रॉइड १५ वर अ‍ॅप काठापासून काठापर्यंत पसरतं, मिटलेली ओळ खालच्या तीन बटणांच्या पट्टीखाली जाऊन राहिली होती, सेफएरिया (सिस्टीमच्या पट्ट्यांपासून जागा सोडणारं विजेट) लावला. पॅनलचा रंग त्या पट्टीखालीही नेला, नाहीतर मध्ये पांढरी फट दिसते. टॉकबॅकला (स्क्रीन वाचून दाखवणारी सोय) ओळ म्हणजे बटण आहे आणि सध्या उघडलंय की मिटलंय हे सांगायला लावलं. मिटलेल्या भागातले रकाने टॉकबॅक तरीही वाचून राहिला होता, डोळ्याला शून्य उंची पण झाडावर होतेच, ते पूर्ण मिटल्यावर काढून टाकले. फोनमध्ये ॲनिमेशन बंद केलं असेल तर आपणही सरळ उघडायचं.

आज वसुबारस. उद्यापासून दिवाळीची सुट्टी, फराळाचा डबा बॅकएंडवाल्याने आजच आणला, चकली त्याच्या आईची, कुरकुरीत एकदम.

२७ ऑक्टोबर, सोमवार

सुट्टीनंतर. जुन्या पाच फायली शेवटच्या पुसल्या. शेठच्या फोनवर बिल्ड दिलं, पाचही स्क्रीनवर ५५,१०८.

दुपारी त्यांच्या धाकट्याचा फोन, उचलीची ओळ टाकता येईल का, शेतकऱ्याने आधी पैसे उचलले असतील तर तेही पॅनलमध्ये दिसावं. एका ठिकाणी टाकली, संध्याकाळच्या आत टेस्टही झाली. उचल हमालीच्या आधी वजा दाखवायची की निव्वळच्या अगदी वर, हे विचारायचं राहिलं. रात्री फोन करून फायदा नाही, ते नऊला झोपतात. पहाटे चारला अलार्म लावून ठेवलाय.